चौकटीतला गहू

त्या माघात आभाळ आलं आणि हटायला तयार होईना. पाऊस नाही, ऊन नाही. सगळं रान ओल्या घोंगडीखाली ठेवल्यासारखं. आधी गव्हाच्या पानांवर पिवळे ठिपके दिसले, मग ठिपके फुटून विटकरी पूड बाहेर पडली. बाबा शेतांतून फिरून यायचे तेव्हा त्यांची खाकी पँट गुडघ्यापर्यंत तांबडी झालेली असायची. आई ती बादलीत बुडवायची आणि पाणी विटेच्या चुऱ्यासारखं व्हायचं.

"नागपूरला शाईचे डाग काढायचे मी," आई म्हणाली. "आता हे."

"तांबेरा आहे तो. डाग पडत नाही त्याचा."

"तुम्हाला काय, तुम्ही फक्त घालता."

आदल्या नोव्हेंबरात राज्यं बदलली, राजधानी भोपाळला गेली आणि बाबांचं खातंही कपाटांसकट इकडे आलं. कपाटांना जागा मिळाली, माणसांना क्वार्टर मिळाले नाहीत. कोटऱ्याच्या पलीकडे एका लहान गावात हल्केसिंह लोधीच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. आता त्या शेतांवर नेहरू नगरची घरं आहेत. मीही त्यातल्याच एका घरात राहते. नाल्यावर फरशा टाकल्या आहेत आणि वर भाजीवाले बसतात.

बाबांचं काम पीक कापण्याचं होतं. शेतकऱ्याचं नव्हे, सरकारचं. जिल्ह्यातली काही गावं आकड्यांनी निवडायची, गावातली दोन शेतं आकड्यांनी निवडायची, शेतातला एक तुकडा आकड्यांनी निवडायचा. त्याभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधायची, आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. अशा शेकडो तुकड्यांवरून जिल्ह्यात गहू किती झाला ते काढायचं. आकडे एका छापील पुस्तिकेत होते. पानंच्या पानं, कुठलाही क्रम नसलेले. आई म्हणायची, हे वेड्यानं लिहिलंय.

"वेड्यानंच लिहायला हवं," बाबा म्हणत. "शहाणा माणूस निवडतो."

त्याआधी पटवारी बांधावर उभा राहून रानाकडे बघायचा आणि सांगायचा, इतके आणे पीक. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. बाबांना त्या पद्धतीचा राग होता. ज्याच्या घरी चहा चांगला त्याचं पीक वाईट, असं ते म्हणत.

एकदा आई भात शिजवत असताना मी विचारलं, एवढ्याशा तुकड्यावरून जिल्हा कसा कळतो? बाबांनी आईच्या हाताकडे बोट दाखवलं. ती पळीवरचं शीत चिमटीत दाबून बघत होती.

"शितावरून भाताची परीक्षा."

"मग झालंच की," आई म्हणाली. "तुमचं खातं मीच चालवते."

"पण भात ढवळलेला हवा. वरचंच शीत घेतलंस तर वरचाच भात कळेल. ती पुस्तिका म्हणजे आमचं ढवळणं."

"आणि तळाला लागला असेल तर?"

"ढवळल्यावर तेही कळतं."

आईनं पळी तळापर्यंत घालून भात ढवळला. ते दोघं तेव्हा असे बोलत. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

हल्केसिंहची बायको जमनाबाई रोज पहाटे आईला विहिरीवर हाक मारायची. आईला कमरेवर घागर घ्यायची सवय नव्हती. जमनाबाई भरलेली घागर उचलून तिच्या कमरेवर ठेवायची आणि हसायची, "बाई, कमर सरकारी है क्या? मुड़ती ही नहीं!" तिच्या म्हशीचं दूध आम्हाला मिळत होतं. मीठ-मिरची इकडून तिकडे चालायची.

फाल्गुनात ऊन पडलं तेव्हा उशीर झाला होता. दाणा भरलाच नव्हता. लोंबी चोळली तर हातात जिऱ्यासारखं काहीतरी यायचं. लोक पारावर बसून एकच गोष्ट बोलत होते. पीक सहा आण्यांच्या खाली धरलं गेलं तर सरकार कार्तिकात पेरायला बी देणार होतं. त्या जिऱ्यासारख्या दाण्यातून काहीच उगवणार नव्हतं.

आणि त्या वर्षी पुस्तिकेतल्या आकड्यांत आमचंच गाव निघालं.

निवडलेलं पहिलं शेत एका म्हाताऱ्याचं होतं. बाबा आणि मोजणीची साखळी धरणारा त्यांचा साखळीवाला दत्तू तिथं पोचले तेव्हा शेत मोकळं होतं. पीक इतकं गेलं होतं की म्हाताऱ्यानं ते हिरवं-तांबडंच कापून बैलांना घातलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "साब, इसमें तौलने को क्या था?" बाबांनी पीक चाऱ्यासाठी कापून नेल्याची नोंद केली. दुसऱ्या शेताचा नंबर हल्केसिंहचा होता.

कापणीच्या दिवशी आई आणि मी भाकरी घेऊन गेलो. जमनाबाई बांधावर बसली होती. हल्केसिंह विळा कमरेला खोचून उभा होता. सगळं शेत तांबडं, मेलेलं. चाललं की पूड उडायची आणि घसा धरायचा. फक्त नाल्याच्या कडेला एक पट्टा होता, आठ-दहा हात रुंद, तिथं गहू उभा होता. उंच, कुसळं काळसर, लोंब्या वाकलेल्या. जमनाबाईच्या माहेरचं बी होतं ते. तिच्या आईनं लग्नात ओटीत घातलेलं. दरवर्षी ती तेवढाच पट्टा त्या बियाचा पेरायला लावायची. हल्केसिंह त्यावरून तिची थट्टा करायचा, की तुझ्या माहेरचा गहू तुझ्यासारखाच, दाताला चिवट.

बाबा शेताच्या कोपऱ्यात उभे राहिले. पुस्तिका उघडली. लांबीला एक्केचाळीस पावलं, रुंदीला सतरा. ते चालू लागले. मागून दत्तू खुंट्या घेऊन. बाबांची पावलं सारखी पडायची. रस्त्यानं जातानाही ते तसेच चालत. एक्केचाळिसाव्या पावलाला ते वळले. सतरा पावलं नाल्याच्या दिशेनं. सतरावं पाऊल त्या पट्ट्यात पडलं.

मग हल्केसिंह हसला. "साब, ये तो घरवाली के मायके का है। खेत तो उधर है।"

"खुंटी ठोक," बाबा दत्तूला म्हणाले.

दत्तू बैतूलकडचा. त्यानं खुंटी हातातच ठेवली. "साहेब, पाऊल जरा लांब पडलं वाटते. पुन्यांदा मोजून पाहू."

बाबा परत कोपऱ्यात गेले. पुन्हा मोजलं. त्याच जागी आले. त्यांच्या मागच्या पावलांचे ठसे त्यांच्या बुटाखाली आले.

"दो हाथ, साब," हल्केसिंह म्हणाला. आता तो हसत नव्हता. "दो हाथ इधर कर लो। इस एक पट्टी से पूरे गाँव का हिसाब मत लगाओ।"

"गाँव का नहीं लगता, हल्केसिंह. पूरे ज़िले का लगता है." बाबांचं हिंदी नागपुरी होतं. "कहीं ख़राब में गिरेगा, कहीं अच्छे में. सब मिलाके बराबर होता है. मैं यहाँ सरकाऊँ, दूसरा वहाँ सरकाए, तो कुछ भी बराबर नहीं होगा."

"दूसरा तो सरकाता ही होगा।"

बाबांनी पुस्तिका मिटून खिशात घातली.

भाकरीचं फडकं हातात धरून आई पुढं आली. पुरुषांच्या कामात ती कधी बोलायची नाही. मराठीत, खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, दोन हात. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तुम्हाला कळलं तर काय बिघडतं? तुम्ही तर डोळ्यांनी बघताय, शेत कसं आहे ते."

"पटवारीही डोळ्यांनीच बघतो, लीला."

खुंट्या ठोकल्या गेल्या. दोरी ताणली तेव्हा पट्ट्याचा जवळजवळ सगळा मधला भाग आत आला. हल्केसिंहनं स्वतःच विळा चालवला. बाबांनी मजूर आणला होता, त्याला त्यानं हात लावू दिला नाही. वाकून, एका लयीत तो कापत गेला. पेंढ्या ताडपत्रीवर आल्या. दत्तूनं त्या बडवल्या, पाखडल्या. दाणा लालसर, टपोरा निघाला. तागडीत घातला तेव्हा पारडं आवाज करत खाली गेलं. जमनाबाई उठली आणि घराकडे निघून गेली. आमच्या भाकऱ्या कुणीच खाल्ल्या नाहीत.

तोललेलं धान्य पोत्यात घालून सुकवायला आमच्याकडे ठेवायचं, पुन्हा तोलायचं आणि मग शेताच्या मालकाला परत करायचं, असा नियम होता. पोतं आमच्या खोलीत आलं.

वैशाखात यादी लागली. आमच्या गावापुढे अकरा आणे होते. बाजूच्या गावांत, जिथं आकडे पोचलेच नव्हते, पटवाऱ्यानं बांधावरून बघून चार-पाच आणे लावले होते. त्यांना बी मिळणार होतं. आम्हाला नाही.

बाबा दत्तूला घेऊन कचेरीत गेले. संध्याकाळी परत आले ते सरळ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. काय झालं ते दत्तूनं अंगणात उकिडवं बसून आईला सांगितलं.

"आपले साहेब म्हणले, हा आकडा गावासाठी नाही, जिल्ह्यासाठी हाय. एका तुकड्यावरून गाव बोलत नसते. मोठे साहेब हसले. म्हणले, 'पोहनकरजी, ज़िला गाँवों से ही तो बनता है।' सगळी कचेरी हसली, वहिनी."

"मग हे काय म्हणाले?"

"आपले साहेब म्हणले, पहिलं शेत चाऱ्याला गेलं ते धरलंच नाही तुम्ही, तिथं शून्य धरा. तर ते म्हणले, जे तोललंच नाही ते धरायचं कसं? आकडा तुमचा हाय का? सही तुमची हाय का? साहेब म्हणले, हाय." दत्तूनं जमिनीवर काडीनं रेघ ओढली. "शिपायानं पान पुढं केलं. साहेबांनी खाल्लं."

बाबा पान खात नसत.

दुसऱ्या दिवसापासून जमनाबाईनं आईला विहिरीवर हाक मारली नाही. आई गेली तेव्हा बायका आपल्याआपल्यात बोलत राहिल्या. आईनं घागर भरली, उचलायला गेली, ती घसरली, अर्धी सांडली. कुणी हसलंही नाही. तिनं अर्धीच घागर घरी आणली आणि दुपारी उन्हात पुन्हा गेली. म्हैस आटली असा निरोप आला. गोठ्यातून धार काढल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

हल्केसिंह भांडला नाही. बाबा पोतं घेऊन त्याच्या दारात गेले, तेव्हा खाटेवरून उठलाही नाही.

"ये तुम्हारा गेहूँ," बाबा म्हणाले. "तौल हो गया।"

"हमारा कहाँ, साब। हमारा तो सब सूख गया। ये ग्यारह आने वाला है, सरकार का है। आप रखो।"

"नियम है कि मालिक को लौटाना है."

"आप बेईमान होते, साब, तो मैं लड़ लेता," हल्केसिंह म्हणाला. "यही तो रोना है।"

बाबांनी पोतं उंबऱ्यावर ठेवलं. सकाळी ते आमच्या उंबऱ्यावर होतं. बाबांनी पुन्हा नेऊन ठेवलं, पुन्हा आलं. ज्येष्ठात शहरात क्वार्टर मिळालं. सामान बैलगाडीत चढवलं तेव्हा ते पोतंही चढलं. कुणी चढवलं, मला माहीत नाही. निरोप द्यायला कुणी आलं नाही. जमनाबाई छपराआड उभी होती. तिच्या लुगड्याचा काठ मला दिसला.

नव्या घरी बाबांनी तो गहू पत्र्याच्या डब्यात भरला. राख कालवली, कडुनिंबाचा पाला घातला, झाकण दाबून बसवलं आणि डबा माळ्यावर ठेवला. आई बघत होती. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कचेरीतून आल्यापासून ते घरात कामापुरतंच बोलत. आईला वाटलं, नियम पाळायची ही आणखी एक तऱ्हा: ज्याचं आहे त्याला देता येत नाही, म्हणून जपून ठेवायचं. शेताचा विषय निघाला की ते उठून बाहेर जात, म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

भाद्रपदात विश्वासमामा नागपूरहून आला, मामीला घेऊन. त्यांना बघायचं होतं की लीलाचं बस्तान कसं बसलंय. आईनं नवं लुगडं नेसलं, उसना टेबलफॅन आणला. रेशनच्या गव्हाला किडे होते, पीठ कडू लागत होतं. असल्या पिठाच्या पोळ्या भावाच्या ताटात वाढायला तिचा हात धजेना. तिनं स्टुलावर चढून डबा काढला, गहू धुतला, गच्चीवर वाळवला आणि मला चक्कीवर पाठवलं. सगळा. थोडा ठेवावा असं तिला वाटलं नाही. थोडा ठेवायचं कारण तिला ठाऊक नव्हतं.

पुरणपोळ्या झाल्या. लाटताना फाटत नव्हत्या, तव्यावर टम्म फुगत होत्या. कितीतरी महिन्यांनी आईचा चेहरा सैल झाला होता.

"अरे वा, काय गहू आहे!" मामा म्हणाला. "दाजी, भोपाळ मानवलं बरं का तुम्हाला. आम्हाला नागपुरात असला गहू बघायला मिळत नाही."

बाबांचा घास हातात थांबला. त्यांनी पोळी उलटून बघितली. मग आईकडे बघितलं.

"माळ्यावरचा?"

"हो. किती दिवस ठेवायचा? भुंगे लागले असते."

"सगळा?"

"सगळा. का?"

बाबा खाली ताटाकडे बघत राहिले. मग जेवले. ताटात काही टाकलं नाही. मामानं आग्रह केला तेव्हा आणखी अर्धी पोळी घेतली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी हल्केसिंह दारात उभा होता. डोक्याला साफा, हातात रिकामी थैली नीट घडी करून धरलेली. चालत आला होता. पाय धुळीनं पांढरे झाले होते. आईनं पाणी दिलं. तो ओसरीच्या कडेवर टेकला.

त्यानं इकडचं तिकडचं विचारलं, शहर केवढं वाढतंय, बिटिया कोणत्या इयत्तेत. मग थैलीची घडी उलगडून पुन्हा घातली.

"साब, वो गेहूँ। मेरी ज़ुबान उस दिन ख़राब हो गई थी।" तो बाबांकडे बघत नव्हता. "बाक़ी पट्टी का तो सावन में खा गए। पड़ोसी भी आए, मना कैसे करते। मन में था कि इतना तो साब के पास धरा है। आप फेंकने वाले आदमी नहीं हो। घरवाली ने कहा, जाओ, माँग लाओ। उसके मायके में भी अब वो बीज नहीं बचा।"

आई दाराची चौकट धरून उभी होती. तिचा हात चौकटीवरून खाली सरकला.

"हल्केसिंह," बाबा म्हणाले. पुढं बरंच काही म्हणायचं असावं. पाला, राख, डबा. "उसे रखा था. बीज के लिए ही रखा था. कार्तिक में लाने वाला था मैं."

हल्केसिंहचं तोंड उजळलं. ते मला अजून दिसतं, आणि दिसू नये असं वाटतं.

"फिर मेहमान आए," बाबा म्हणाले.

हल्केसिंहनं थैली खांद्यावर टाकली.

"खा लिया? अच्छा किया," तो म्हणाला. "गेहूँ खाने के लिए ही होता है, साब।"

आई एकदम म्हणाली, "भैया, रुको, चाय..." तो उठला होता. पायरी उतरताना त्यानं आईला हात जोडले. गल्लीच्या वळणावर त्यानं थैली खांद्यावरून काढून साफ्यात खोचली.

आई आत येऊन पिठाच्या रिकाम्या डब्याशी बसली. "एक शब्द," ती म्हणाली. "एक शब्द बोलला असतात."

"तू विचारलं असतंस."

"दोन हात तेव्हा सरकला नाहीत. एक शब्द आता."

त्यानंतर ते दोघं एकाच घरात खूप वर्षं राहिले. आजारपणात आईनं त्यांचं सगळं केलं, शेवटच्या महिन्यात चमच्यानं भरवलं. पण भात शिजताना शीत दाबून बघायची तिची सवय त्या दिवशी सुटली. ती पातेलं झाकून ठेवायची आणि अंदाजानं उतरवायची. कधी भात कच्चा राहायचा, कधी लागायचा. बाबा तसाच खायचे. बाबांना जाऊन आता सव्वा महिना झाला. काल तिनं भात केला, तोही तसाच.

त्या दिवाळीनंतरच्या माघात पुन्हा आभाळ आलं. बाबांना आमच्या जुन्या गावात पाहणीला जायचं होतं. या वेळी तांबेऱ्यानं किती नुकसान झालं ते शेताशेतात बघून कळवायचं होतं. ते दिवसभर फिरले. अंधार पडायच्या आधी घरी आले, पँट काढून न्हाणीत टाकली.

आईनं ती बादलीत बुडवली, चोळली, पिळली. मी दिवा धरून उभी होते. पाणी थोडं मातकट झालं, एवढंच. तिनं पँट पुन्हा बुडवली, उजेडात पाणी निरखलं.

"यंदा तांबेरा नाही वाटतं तिकडे?" तिनं विचारलं. हल्केसिंह येऊन गेल्यापासून ती पहिल्यांदाच शेताबद्दल बोलत होती.

बाबा टेबलाशी बसून अहवाल लिहीत होते.

"निरंक," ते म्हणाले.

"बरं झालं बाई."

बाबांनी सही केली, टाक पुसून ठेवला.

"गहूच पेरला नाही कुणी," ते म्हणाले.

आईनं बादली मोरीत ओतली.